सहा नंबरचा पोर्ट

"हे भोंगं आधी बंद कर माय, मंग आरती करू. देवाले बी ऐकू नाही येणार याच्यात."

उरकुडे काका हातात झेंडूची माळ घेऊन कंट्रोल रूमच्या मधोमध उभे होते आणि टेबलावरचा बझर किंचाळत होता. खंडेनवमीची सकाळ होती. वणीपासून पंचवीस किलोमीटरवर एक खासगी कोळसा खाण होती, जमिनीच्या वरून खोदत जाणारी, उघडी. तिथं मी नेटवर्क सांभाळायची नोकरी करत होते. वय अठ्ठावीस, जीभ तिखट, आणि आपल्याला सगळं येतं असा पक्का समज. काका माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. पहिल्या पाळीला कंट्रोल रूममध्ये बसून खाणीवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं.

"बंद कसा करू? बटण दाबलं की दहा मिनिटांनी परत ओरडतो. तुम्हाला माहीत आहे ना?"

"मले काय माहीत. मी तं त्याच्यावर रुमाल टाकतो."

खरंच टाकायचे. घडी घातलेला रुमाल, वर पाण्याची बाटली. मग तो बझर उशीखाली दाबल्यासारखा गुरगुरत राहायचा आणि काका निवांत रजिस्टर लिहायचे.

त्या ओरडण्यात तथ्य काहीच नव्हतं, हीच तर गंमत. खाणीच्या काठावर एका लोखंडी कंटेनरमध्ये आमचा वायरलेस कंट्रोलर होता. टॉवर, पंप, वजनकाटा, डंपरमधले वॉकीटॉकी, सगळ्यांचं बोलणं त्या एका पेटीतून आमच्यापर्यंत यायचं. पेटीला आठ पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या आठ जागा. माझ्याकडच्या नकाशात पहिल्या चार वापरात होत्या, पाच ते आठ रिकाम्या. पण देखरेखीचं सॉफ्टवेअर एवढं शहाणं, की जिथं केबल कधी लागलीच नाही तिथंही ते 'जोडणी तुटली, जोडणी तुटली' म्हणून दिवसभर बोंबलायचं. स्क्रीनवर कायम लाल पट्ट्या. मी आले तेव्हापासून होत्या. कोणी बघत नव्हतं, मीही नाही.

पण आता बघणं भाग होतं. दसऱ्यानंतर नागपूरहून मोठे साहेब येणार होते आणि आमचे मॅनेजर देवपुजारी साहेब मला दोनदा बोलले होते. "ढोके मॅडम, ते लाल काढा बुवा स्क्रीनवरनं. परक्या माणसाला वाटेल इथे आग लागलीय."

काढणं सोपं होतं. रिकाम्या पोर्टांची यादी करायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की यांच्याबद्दल तोंड उघडू नकोस. त्याची रीतही ठरलेली होती, आणि ती मीच लिहिली होती. पोर्ट रिकामा म्हणण्याआधी सात दिवस त्याच्यावर नजर ठेवायची, कामाच्या दिवशी. मग पाळीच्या ऑपरेटरनं कंटेनरपर्यंत जाऊन डोळ्यांनी बघायचं, तिथं केबल नाही ना. मग पत्रकावर दोन सह्या. यादी करणाऱ्याची एक, बघणाऱ्याची एक.

मी सात दिवस बघितलं नव्हतं. सात दिवसांची आठवण मला नवमीला सकाळी झाली. दोनची अमरावतीची बस गाठायची होती, आई घटावर वाट बघत होती, आणि स्क्रीनवर पाच, सहा, सात, आठ, चारही लाल दिसत होते. नकाशात रिकामे आणि स्क्रीनवरही रिकामे, मग आणखी काय बघायचं? दहा मिनिटांत मी यादी केली, सॉफ्टवेअरला सांगितलं, आणि बझर गप्प झाला.

खोलीत एकदम शांतता पसरली. काकांनी माळ हातात धरून इकडंतिकडं बघितलं.

"आयो! गेलं का व?"

"गेलं. आता जे ओरडेल ते खरं ओरडेल."

"जादूच केली बाई तूनं. तीन वर्षं माह्या कानाचा भुगा केला त्यानं."

त्यांनी बझरला कुंकू लावलं, दोन फुलं वाहिली. मी हसले. कापूर पेटला, आरती झाली, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मी पत्रक पुढं केलं.

"नियमानं तुम्ही कंटेनरला जाऊन बघून यायला पाहिजे हं काका."

"आज?" काकांनी खिडकीकडं हात केला. बाहेर ओळीनं उभ्या होत्या जिपा, धुतलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या, ऊस बांधलेल्या. आमच्या खाणीची चालच अशी, की नवमीला यंत्रांची पूजा मांडली की दसरा उलटेपर्यंत खाणीत एक चाक फिरवायचं नाही. पाण्याचे पंप तेवढे चालायचे. डंपर, शॉवेल, जीप, सगळं वर आणून धुऊन पूजेला लावायचं. "पुजलेली गाडी कोण काढते? आन् चालत जायचं म्हटलं तं दोन किलोमीटर जाणं, दोन येणं. माहे गुडघे पाह्य."

"मग सही करून टाका. सणानंतर बघा जाऊन."

"तूनं पाह्यलं ना?"

"पाहिलं."

"मंग मी कायले पाहू," म्हणाले, आणि चष्मा न लावताच सही केली. पुंडलिक म. उरकुडे. 'म' ला वेलांटीसारखं वळण द्यायचे ते.

मी दोनची बस गाठली. दसऱ्यानंतर मोठे साहेब आले, हिरवीगार स्क्रीन बघून खूश झाले, देवपुजारी साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. काका कंटेनरला गेले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. काम सुरू झालं की कोण कशाला विचारतं!

विलास डाहुले गेला तो फेब्रुवारीत. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

खाणीची दक्षिणेकडची भिंत म्हणजे शंभर मीटर उंच मातीचा कडा होता, आणि त्याच्या पायथ्याशी डंपर कोळसा भरायचे. भिंतीसमोर चाकांच्या गाड्यावर एक रडार उभं असायचं. भिंत केसभर सरकली तरी त्याला कळायचं, चित्र पिवळं व्हायचं, मग लाल. लाल झालं की कंट्रोल रूममधून भोंगा द्यायचा आणि खालची माणसं वर पळायची. त्याआधीच्या सहा महिन्यांत दोनदा तसं झालंही होतं, आणि दोन्ही वेळा काकांनीच भोंगा दिला होता. एकाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी चित्र हिरवंच राहिलं. पावणेदहाला पाणी मारायचा टँकर रडारच्या केबलवरून गेला आणि केबल चिरडली. रडारचं बोलणं तिथंच तुटलं. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर पावणेदहाचं हिरवं चित्र तसंच थिजून राहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत वेळ असते, तीही थांबली होती. काकांनी दर दहा मिनिटांनी मान वर करून चित्र बघितलं, रजिस्टरमध्ये 'भिंत ठीक' असं लिहिलं. नऊ वेळा लिहिलं. बझर वाजला नाही. बझर वाजायलाच पाहिजे होता, जोडणी तुटली की तो वाजावा म्हणूनच तर तो होता.

भिंत कोसळली तेव्हा खाली तीन डंपर होते. दोघांना धूळ दिसली, ते निघाले. विलासच्या डंपरचं तोंड भिंतीकडं होतं. त्याला बाहेर काढायला दुपारचे चार वाजले. चौतीस वर्षांचा होता. काकांच्या गावचा, काकांनीच कामाला लावून दिलेला. खाणीच्या काठावर काका उन्हात उभे होते, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होते, "हिरवं होतं ना बाप्पा. मी पाह्यलं. हिरवंच होतं."

मी तिथं थांबू शकले नाही. कंट्रोल रूममध्ये येऊन संगणक उघडला. बझर का नाही वाजला? रडार कुठल्या पोर्टवर आहे, हेच मला माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये बाहेरच्या कंपनीची माणसं ते बसवून गेली होती, दिसली ती जागा धरून केबल खुपसून गेली होती, आणि नकाशात कोणी नोंद केली नव्हती. नकाशा माझ्या ताब्यात असायचा.

पोर्ट सहा.

मी त्याचा जुना इतिहास काढला. ऑगस्टपासून सहा नंबर सलग चालू होता. म्हणजे लाल पट्ट्या ऑगस्टपासून तीनच असणार, आम्ही कोणी मोजल्या नव्हत्या. सलग चालू, आणि मधे फक्त दोन दिवस बंद. नवमीच्या सकाळी सव्वाआठला बंद, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा चालू. नवमीला रडारचा गाडाही धुवायला वर आणला होता. केबल काढून, गुंडाळून, गाड्याबरोबर वर. पूजा झाली, सण झाला, गाडा खाली गेला, केबल पुन्हा सहामध्ये लागली. आणि मी त्या दोन दिवसांतल्या नेमक्या एका तासात त्याला कायमचा रिकामा ठरवून मोकळी झाले होते.

सात दिवस बघितलं असतं तर सहा नंबर हिरवा दिसला असता. सात राहू दे, आदल्या दिवशी बघितलं असतं तरी दिसला असता.

मी तो इतिहास बंद केला, आणि पहिला विचार काय आला असेल? विलासचा नाही. त्याच्या दोन पोरींचा नाही. पहिला विचार हा आला, की पत्रकावर दोन सह्या आहेत.

चौकशी आठ दिवसांनी झाली. खाण सुरक्षेचे दोन अधिकारी आले होते, त्यातले एक वयस्कर, खाली मान घालून लिहिणारे. गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. रडार कंपनीच्या माणसानं हात वर केले. जोडणी तुटली तर चित्र थिजणारच साहेब, तुटल्याची सूचना द्यायचं काम तुमच्या नेटवर्कचं. मग पत्रक निघालं.

काकांना आधी बोलावलं. मी दाराशी बाकावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"ही सही तुमची?"

"हाव, माहीच."

"इथे लिहिलंय, 'प्रत्यक्ष पाहणी केली'. तुम्ही केली होती?"

काका म्हणाले, "नाही केली साहेब. मॅडमनं पाह्यलं होतं. मॅडम म्हणे, पाह्यलं. मंग मी सही केली."

"त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. कंटेनरमध्ये जायचं काम कोणाचं?"

"माह्यं."

मग मला बोलावलं. काका बाहेर येताना माझ्याकडं बघून मान हलवली त्यांनी, धीर देतात तशी. मला! घाबरू नको, असं.

"यादी तुम्ही केली?"

"हो सर."

"नकाशाप्रमाणे?"

"हो सर. नकाशात पाच ते आठ रिकामे होते. स्क्रीनवरही बंद होते."

"उरकुड्यांना प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगितलं होतं तुम्ही?"

आता सांगते, त्या क्षणाला मला सगळं आठवत होतं. कापराचा वास, ऊस बांधलेल्या जिपा, 'सही करून टाका, सणानंतर बघा' हे माझे शब्द. सगळं.

"सांगितलं होतं सर," मी म्हटलं. "नियमानं जाऊन बघायला पाहिजे, असं मी म्हटलं होतं."

"साक्षीला कोणी?"

"ते स्वतःच सांगतील."

बोलावून विचारलं. काका म्हणाले, "हाव साहेब. म्हटलं होतं तिनं. पहिलेच म्हटलं होतं." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मला वाचवायला नाही हो, तसलं काही नाही. त्या माणसाला पुढचं वाक्य महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. आपण जायला पाहिजे होतं आणि गेलो नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सात दिवसांचं अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वेळ कमी होता, वरून घाई होती. त्यांनी ते लिहून घेतलं. पत्रकावरची तारीख त्यांनी मोठ्यानं वाचली, महिना वाचला. ती तारीख खंडेनवमी होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तर एक गोष्ट तिथल्या तिथे उघडी पडली असती. त्या दिवशी काका रांगत कंटेनरपर्यंत गेले असते, तरी त्यांना सहा नंबरला रिकामं भोकच दिसलं असतं. केबल वर होती, गाड्याबरोबर. पोर्टांवरच्या चिठ्ठ्या कोळशाच्या धुळीनं कधीच काळ्या झाल्या होत्या, तिथं काय लागतं ते कोणाला वाचता येत नव्हतं. काका बघून आले असते आणि हीच सही केली असती. त्यांच्या जाण्या-न जाण्यानं विलासच्या मरणात तसूभर फरक पडणार नव्हता. फरक फक्त माझ्या सात दिवसांनी पडला असता.

मला लेखी ताकीद मिळाली. काकांना कामावरून काढलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

तुम्ही म्हणाल, तेव्हा लहान होतीस, घाबरलीस. घाबरले होते, हे खरं. पण लहान कसली! अठ्ठावीस वर्षांच्या बाईला कळतं आपण काय करतो आहोत ते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काका आले, हेल्मेट आणि ओळखपत्र परत करायला. दुपारची वेळ. कंट्रोल रूममध्ये मी आणि त्यांच्या जागी आलेला ऑपरेटर होतो. काकांना बघून तो ऑपरेटर चहाच्या निमित्तानं बाहेर गेला. काका उभेच राहिले. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"बसा ना काका."

"बसत नाही. एक इचाराचं होतं तुले. तुले त्यातलं समजते म्हणून."

"विचारा."

"त्या दिवशी मी गेलो असतो," ते म्हणाले. "कंटेनरमंधी. गुडघे दुखले तं दुखले, गेलो असतो. मंग दिसलं असतं का मले? ते रडारचं वायर?"

मी स्क्रीनकडं बघितलं. त्यांना वाटलं, मला प्रश्न समजला नाही.

"माह्या डोक्यात रोज तेच येते ना व. आन् विलासचा बाप. घरासमोर घर आहे आमचं. सकाळी उठलं का तो ओट्यावर बसलेला, मी ओट्यावर बसलेलो. परवा आला उठून. म्हणे, पुंडलिक, मले एक खरं सांग, तू गेला असता तं माहा पोरगा वाचला असता का? मी म्हटलं, मले नाही समजत बाबा त्यातलं. मॅडमले इचारून सांगतो. ते पोरगी खोटं नाही बोलणार."

नाही म्हणायचं होतं मला. एक शब्द. नाही काका, नसतं दिसलं, तुम्ही गेला असता तरी नसतं दिसलं. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता, शपथ घेऊन सांगते. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कोणाचं चुकलं? हा म्हातारा तिथून उठून सरळ विलासच्या बापाकडं जाणार, त्याला सांगणार, तो बाप गाव घेऊन गेटवर येणार, चौकशी परत उघडणार, आणि या वेळी कोणीतरी पंचांग काढून ती तारीख बघणार. हे सगळं मी काका माझ्याकडं बघत असताना, तेवढ्या वेळात, नीट क्रमानं मोजलं.

"हो काका," मी म्हटलं. "दिसलं असतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा.

"मले वाटलंच होतं," म्हणाले. हेल्मेट टेबलावर ठेवलं, त्याच्यात ओळखपत्र ठेवलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तूनं खरं सांगितलं, हे गंज झालं माय, पुष्कळ झालं. सारे म्हणते, जाऊ द्या, जाऊ द्या. खरं कोणी सांगत नाही."

"काका..."

"जातो. त्याच्या बापाले सांगून येतो. तो वाट पाहत असन."

ते गेले. खिडकीतून मला ते गेटकडं जाताना दिसत होते, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चढावर दोनदा थांबले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि ते परतही आले असते. मी खिडकीशी उभी राहून ते गेटबाहेर पडेपर्यंत बघत राहिले, आणि मग जागेवर येऊन बसले.